संगणकाचा मालक कोण?

संगणक हे यंत्र आता कोणाला नवलाचे राहिलेले नाही. कल्याण सोडून गाडी कसाऱ्याकडे वळली की पहिलेच स्थानक आमचे शहाड. स्थानकाबाहेर पडावे तर झेरॉक्सची दुकाने, आणि प्रत्येक दुकानात एक तरी संगणक. परीक्षेचा फॉर्म, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, वीजबिल, रेल्वेचे आरक्षण, सारे तेथेच होते. ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांना तो आपल्या मालकीचा वाटतो आणि दुकानदाराला त्याचा वाटतो. पैसे मोजले, पावती घेतली, वस्तू आपली झाली, हा साधा व्यवहार. परंतु संगणकाच्या बाबतीत हा साधा व्यवहार तितकासा साधा राहिलेला नाही, आणि तो कसा राहिला नाही हे सांगण्यासाठीच हा लेख.

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, संगणकशास्त्राचा नव्हे. तरीही या विषयात शिरण्याचे धाडस करतो, कारण तांत्रिक बाजू बाजूला ठेवली तर उरणारा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला अगदी ओळखीचा आहे. शाहू महाराजांचे निधन १७४९ साली झाले. त्यानंतर गादी साताऱ्यास राहिली आणि कारभार पुण्यास गेला. हुकूम मालकाच्या नावाने निघत, पण ते काढणारा हात दुसऱ्याचा असे. टेबलावरच्या संगणकाचे हल्ली काहीसे तसेच झाले आहे.

संगणकाचे दोन भाग असतात. एक दिसणारा: पडदा, कळफलक, आतली चकती. दुसरा न दिसणारा, म्हणजे आज्ञावलींचा. या आज्ञावलींत सर्वांत मुळाशी जी असते तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कळ दाबली की अक्षर कोठे उमटावे, फाइल कोठे ठेवावी, छपाईयंत्राशी कोणी बोलावे, कोणत्या कार्यक्रमाला किती जागा द्यावी, हा सगळा कारभार तिच्याकडे. मी तिला या लेखापुरते ‘कारभारी’ म्हणतो. घरोघरच्या संगणकांत हा कारभारी बहुधा मायक्रोसॉफ्ट कंपनीचा विंडोज असतो, काहींकडे ॲपलचा मॅकओएस आणि थोड्यांकडे लिनक्स.

आता पहिली गोम ही की यंत्र आपण विकत घेतो, कारभारी विकत घेत नाही. संगणक पहिल्यांदा सुरू करताना इंग्रजी मजकुराचा लांबच लांब पट्टा दिसतो आणि त्याखाली ‘मान्य’ असे बटण असते. तो मजकूर मी एकदा नेट लावून वाचला. ते खरेदीखत नव्हे. आज्ञावली तुम्हांस विकलेली नसून वापरण्याचा परवाना दिलेला आहे, असे तेथे स्वच्छ म्हटलेले असते. ठाणे-कल्याण पट्ट्यात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांना ‘लीव्ह अँड लायसन्स’चा अकरा महिन्यांचा करार पाठ असतो. भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावे लागते. येथेही नाते तेच आहे. फरक इतकाच की जागा आपली आणि घरमालक मात्र परका.

जुन्या काळीही परवानाच मिळत असे, पण कारभारी एका तबकडीवर येऊन घरात बसला की कंपनीशी त्याचा संबंध जवळजवळ संपे. पुढे इंटरनेट आले आणि तो रोज मूळ मालकाशी बोलू लागला. तेव्हापासून हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

ठळक उदाहरण विंडोज १० चे. ही आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी निघाली. जुन्या विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना ती वर्षभर फुकट देऊ केली होती. फुकट म्हटल्यावर तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. परंतु अनेकांना ती नको होती. त्यांची कामे जुन्यावर सुरळीत चालत होती. पडद्यावर वारंवार चौकट येई. २०१६ च्या मे महिन्यात त्या चौकटीचे रूप पालटले. अमुक वेळी बदल होणार आहे असे तिच्यात लिहिलेले असे, आणि कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून ती बंद केली तरी ठरलेला बदल रद्द होत नसे. फुली म्हणजे ‘नको’, हे वीस वर्षे त्याच कंपनीने लोकांना शिकवले होते! अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका प्रवास-व्यावसायिक बाईंनी या सक्तीच्या बदलाने आपला धंद्याचा संगणक निकामी झाला म्हणून दावा लावला आणि त्यांना दहा हजार डॉलर मिळाले. त्या वर्षाच्या अखेरीस, या बाबतीत आपण मर्यादा ओलांडली, असे कंपनीच्या विपणन-प्रमुखांनी एका मुलाखतीत कबूल केले.

आमच्या शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. नातवाने दिलेला संगणक ते हौसेने वापरतात. कोणत्या कंपनीचा कारभारी त्यात आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. एकदा ते मला म्हणाले, “अरे, हा सारखा काहीतरी विचारतो. ‘आत्ता नको’ म्हटलं की उद्या परत हजर. नुसतं ‘नको’ असं बटणच नाही का रे ह्याला?” मला वाटते, सगळा विषय काकांच्या एका वाक्यात आला. ‘हो’ आणि ‘आत्ता नको’ एवढीच दोन उत्तरे ज्या प्रश्नाला असतात, तो प्रश्नच नव्हे. विचारल्याचे समाधान विचारणाऱ्याला मिळते, एवढेच.

आता दुसरी बाजू मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख एकांगी होईल. कारभारी दुरुस्त्या करण्याचा हट्ट धरतो त्याला कारण आहे, आणि त्याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या घातक आज्ञावलीने जगभर धुमाकूळ घातला. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया हा धक्का मर्स्क या डॅनिश समूहाशी संलग्न आहे. तेथील संगणक बंद पडले आणि कंटेनरांची चढ-उतार खोळंबली. मर्स्कला पुढे दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभारावे लागले, असे तिच्या अध्यक्षांनीच नंतर सांगितले. विंडोजमधल्या ज्या छिद्राचा या आज्ञावलीने फायदा घेतला, त्यावरची दुरुस्ती तीन महिने आधी, मार्चमध्ये, प्रसिद्ध झाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांच्याकडे शिरणे सोपे झाले. म्हणजे ‘दुरुस्ती नको’ हा हट्ट शेजाऱ्यालाही भोवतो. साथीच्या रोगात लस न टोचून घेण्यासारखाच.

पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तितकाच बोलका आहे. नॉटपेट्या मुळात पसरली कशी? युक्रेनमध्ये हिशेब ठेवण्याची एक आज्ञावली सर्रास वापरात होती. तिच्या नेहमीच्या, विश्वासाने घेतल्या जाणाऱ्या दुरुस्तीतच घातपात्यांनी आपला माल मिसळला. ज्यांनी दुरुस्ती इमानाने घेतली त्यांच्याच दारातून चोर आत आला. पुढे १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष दुरुस्ती आपोआप पोहोचली आणि जगातले सुमारे पंच्याऐंशी लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून थांबले. मुंबई विमानतळावरही त्या दिवशी काही विमान कंपन्यांना प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली. त्यात दोष मायक्रोसॉफ्टचा नव्हता, हे नोंदवणे न्यायाचे होईल. मुद्दा असा की दूरच्या हाताला आपल्या यंत्रात शिरण्याची कायमची वाट ठेवली, म्हणजे त्या वाटेने औषधही येते आणि विषही. वाट असावी की नसावी यावर मी हटून बसत नाही. ती कधी उघडावी हे ठरवताना घरच्या माणसाला काही स्थान असावे, एवढेच माझे म्हणणे. विंडोज १० च्या घरगुती आवृत्तीत सुरुवातीला तेवढेही नव्हते. दुरुस्त्या पस्तीस दिवसांपर्यंत थोपवण्याची सोय २०१९ साली मिळाली, तीही लोकांनी चार वर्षे ओरड केल्यावर.

यापुढचा भाग खासगीपणाचा, आणि मला तो अधिक गंभीर वाटतो.

कारभारी आपल्या मूळ मालकाला रोज अहवाल पाठवतो. कोणते यंत्र आहे, कोणता कार्यक्रम अडखळला, काय बिघडले, असा तो मजकूर असतो. विंडोजमध्ये त्याचे ‘आवश्यक’ आणि ‘ऐच्छिक’ असे दोन भाग आहेत. ऐच्छिक बंद करता येतो. आवश्यक भाग घरगुती वापरकर्त्याला बंद करता येत नाही. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने जुलै २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टला जाहीर नोटीस दिली. कोणती ॲप घेतली आणि कोणत्यावर किती वेळ घालवला, इतका तपशील गोळा करण्याची गरज नाही, असे त्या आयोगाचे म्हणणे होते. कंपनीने या मूळ पातळीवरची माहिती जवळजवळ निम्म्याने कमी केली आणि जून २०१७ मध्ये प्रकरण मिटले. निम्मी माहिती गाळूनही काम चालते, तर आधीची निम्मी कशासाठी घेतली जात होती, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल.

पुढे २० मे २०२४ रोजी ‘रिकॉल’ नावाची नवी सोय जाहीर झाली. दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र टिपून ठेवायचे, म्हणजे मागे काय पाहिले ते शोधता येते. चित्रे यंत्राबाहेर जात नाहीत, असे कंपनीने सांगितले. पण ती ज्या साठ्यात ठेवली जाणार होती तो पुरेसा कुलूपबंद नाही, हे अभ्यासकांनी लगेच दाखवून दिले. सोय पुढे ढकलावी लागली. अखेर एप्रिल २०२५ मध्ये ती आली तेव्हा आपण होऊन सुरू केली तरच चालेल, अशी झाली.

आता पुन्हा त्या झेरॉक्सच्या दुकानाकडे वळू. तेथल्या संगणकाच्या पडद्यावर आणि ‘डॉक्युमेंट्स’च्या कप्प्यात दिवसभरात काय काय येते याचा विचार करा. आधारकार्डे, जातीचे दाखले, बँकेची पासबुके, भाडेकरार, कोणाचे वैद्यकीय अहवाल, कोणाच्या घटस्फोटाचे कागद. नव्या विंडोजमध्ये कंपनीचे खाते उघडून आत शिरले की वनड्राइव्ह नावाचा दूरस्थ साठा हे नेहमीचे कप्पे आपल्याकडे ओढून घेऊ शकतो, आणि २०२४ पासून नव्या यंत्रांवर हे न विचारताच सुरू झालेले आढळते, अशा बातम्या आल्या. हेतू चांगला असेल; यंत्र बिघडले तरी कागद वाचावेत. पण ज्या बाईने दहा रुपये देऊन मुलीच्या फॉर्मासाठी दाखला स्कॅन करून घेतला, तिने कोणत्याही ‘मान्य’ बटणावर बोट ठेवलेले नाही. परवाना दुकानदाराचा, कागद तिचा. खासगीपणावर लिहिणारे बहुतेक लोक ‘वापरकर्ता’ म्हणजे यंत्राचा धनी असे धरून चालतात. आमच्या भागात एका यंत्राआड शे-दोनशे माणसे उभी असतात, आणि त्यांना कोणी वापरकर्ता म्हणत नाही.

नवा विंडोज ११ (५ ऑक्टोबर २०२१) घरगुती यंत्रावर बसवताना इंटरनेट आणि कंपनीचे खाते लागतेच. पूर्वी यंत्रापुरते नाव आणि पासवर्ड ठेवून काम भागे. जाणकारांनी काढलेल्या पळवाटाही कंपनी एकेक करून बुजवीत आली आहे. खात्याला यंत्र बांधले गेले की काय होऊ शकते, याची चुणूक जुलै २०२५ मध्ये मिळाली. मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध लादले. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या टपालादी सेवा थांबवल्या. पैसे भरलेले होते, आणि भारताच्या कायद्याने कोणतीही बंदी घातलेली नव्हती. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि ३० जुलैला सेवा पूर्ववत झाली. हा प्रश्न मेजावरच्या कारभाऱ्याचा नव्हता, दूरस्थ सेवांचा होता, हे खरे. पण घरगुती यंत्रसुद्धा त्याच खात्याला जोडले जात आहे. नायरापाशी वकील होते. शहाडच्या दुकानदारापाशी ग्राहकांची रांग असते.

आता एक गंमत सांगतो. गंमत म्हणजे चीड आणणारी. विंडोजबरोबर येणारा एज हा ब्राउझर काढून टाकता येत नाही, असे आपण येथे अनुभवतो. पॅरिसमध्ये तो काढता येतो. युरोपात डिजिटल बाजारांविषयीचा कायदा मार्च २०२४ मध्ये पूर्णपणे लागू झाला आणि तेवढ्या देशांपुरती ती सोय देण्यात आली. यंत्र तेच, आज्ञावली तीच, कंपनीही तीच. म्हणजे ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ हे उत्तर खोटे ठरते. युरोपनेही हे एका दिवसात मिळवलेले नाही. ब्राउझर निवडण्याची चौकट दाखवू, असे वचन मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये तेथे दिले होते. मे २०११ ते जुलै २०१२ या काळात सुमारे दीड कोटी लोकांना ती चौकट दिसलीच नाही. तेव्हा मार्च २०१३ मध्ये ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड झाला.

आपल्याकडे काहीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या बाबतीत गुगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला. तो फोनचा मामला, पण तत्त्व हेच. ऑगस्ट २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधने लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. या कायद्यात दोन गोष्टी आहेत ज्यांकडे कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. एक, संमती मोकळी, नेमकी, समजून-उमजून आणि बिनशर्त दिलेली असली पाहिजे. काकांचे ‘आत्ता नको’ या कसोटीला कसे उतरेल? दुसरी, माहिती कशासाठी घेतो हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ठेवावी लागेल. त्या परिशिष्टात मराठी आहे. इंग्रजी पट्ट्याखालचे ‘मान्य’ निमूटपणे दाबणाऱ्या माणसाला तोच मजकूर मराठीत मागता येईल, ही साधी गोष्ट नव्हे. त्या मजकुराची मराठी कशी असेल, याची मात्र मला धास्ती वाटते; सरकारी अर्जांची मराठी आपण पाहतोच.

मराठीचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण. विंडोजमध्ये आपली अक्षरे ज्या ‘मंगल’ टंकाने वर्षानुवर्षे दिसली तो मुंबईच्या रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडवलेला. विंडोज १० पासून तो ऐच्छिक अक्षरसंचात गेला. यंत्रात देवनागरीतली भाषा जोडली तर तो येतो, नाहीतर जुनी फाइल दुसऱ्याच वळणाच्या अक्षरांत उघडते. बदल क्षुल्लक आहे, पण तोही कोणाला विचारून झालेला नाही.

सध्याची खरी अडचण जुन्या यंत्रांची. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारणपणे २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. आमच्या भागात जुना, हातोहात फिरलेला संगणक घेणारी कुटुंबे पुष्कळ. त्यांचे यंत्र ठणठणीत आहे, पण नवा कारभारी त्यात पाऊल ठेवीत नाही. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदतवाढ जाहीर झाली. फुकट हवी तर कंपनीच्या खात्याशी यंत्र जोडून त्यातली मांडणी दूरस्थ साठ्यात ठेवा, नाहीतर पैसे भरा, अशी अट घातली. युरोपात ग्राहक-संघटनांनी आवाज उठवल्यावर साठ्याची अट तेवढ्या देशांपुरती काढली. पुन्हा पॅरिस आणि शहाड!

मग करावे काय? ‘सेटिंग्ज’मधल्या ‘प्रायव्हसी’च्या पानावर जाऊन ऐच्छिक अहवाल आणि जाहिरातीचा क्रमांक बंद करावा. वनड्राइव्हमधील कप्प्यांची नक्कल थांबवावी. दुकानदारांनी तर हे आजच पाहावे. मोठ्या दुरुस्तीनंतर ही पाने पुन्हा तपासावीत.

दुसरा मार्ग लिनक्सचा. त्यातील आज्ञावली कोणालाही वाचता येते आणि बदलता येते. तोही देव्हाऱ्यात बसवण्याजोगा नाही. २०१२ साली उबुंटू या लोकप्रिय लिनक्सने यंत्रातला शोध बाहेर पाठवून ॲमेझॉनचा माल दाखवण्यास सुरुवात केली होती. खूप टीका झाली, आणि २०१६ च्या आवृत्तीत ते मुळातून बंद ठेवले गेले. ॲपलचीही कथा अशीच: नोव्हेंबर २०२० मध्ये तिचा एक सर्व्हर मंदावला आणि जगभरच्या मॅक यंत्रांवर कार्यक्रम उघडेनात, तेव्हा लोकांना कळले की कार्यक्रम उघडताना आधी वरिष्ठांकडे चौकशी होत असे.

लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतो. आतल्या फाइलींना धक्का लागत नाही. छपाईयंत्र चालते का, स्कॅनर ओळखतो का, इन्स्क्रिप्ट कळफलक नीट उमटतो का, हे पाहून मग ठरवावे. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे आणि लिबरऑफिसचे पाठ मराठीतही आहेत. लेख, प्रबंध, टिपणे यांना तेवढे पुरते. अडचण आहे ती अक्षरजुळणी करणाऱ्यांची. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, छोटी नियतकालिके यांचे काम अजून बऱ्याच ठिकाणी पेजमेकर आणि श्रीलिपीसारख्या विंडोजवरच्या जुन्या संचांत चालते, आणि त्यांतली वर्षानुवर्षांची जुळणी युनिकोडमध्ये आणणे वेळखाऊ असते. त्या लोकांनी निदान ते जुने यंत्र इंटरनेटपासून तोडून नुसत्या जुळणीसाठी ठेवावे, आणि ग्राहकांचे कागद दुसऱ्या यंत्रावर घ्यावेत.